गावनिधीतला वाटा लोकांनी ठरवायचा, तर नेमकं कसं?

बोरीकाठ
रामराम मंडळी. अमळनेर-पारोळा पट्ट्यातल्या ३,२०० वस्तीच्या गावासाठी विचारतोय. वित्त आयोगाच्या पैशातला काही भाग कशावर खर्चायचा हे गावाने मत देऊन ठरवावं, याला सरपंच आणि बहुतेक सदस्य तयार आहेत. आज ग्रामसभेत यादी वाचली जाते, मागून 'मंजूर, मंजूर' होतं, चहा होतो. वर्षाला १४ लाख येतात असं धरून सांगा: किती रक्कम लोकांपुढे ठेवायची, मत कसं घ्यायचं, आणि ठरलेलं काम कागदावर टिकवायचं कसं? ग्रामसभेचं महत्त्व काय, हे कृपा करून सांगू नका. ते भाषणांत भरपूर ऐकलंय.

मोजपट्टी
आधी १४ लाख हा आकडा डोक्यातून काढा. लोकांपुढे तो ठेवलात तर पहिल्याच सभेत फसाल.

पंधराव्या आयोगाच्या (२०२५-२६ पर्यंतच्या) नियमाने ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या विषयावरच खर्चायचे, ४० टक्के अबंधित, म्हणजे मोकळे. बंधितातले निम्मे पिण्याचं पाणी, पाऊसपाणी साठवण, पाण्याचा पुनर्वापर यांसाठी, निम्मे स्वच्छतेसाठी. म्हणजे ४.२० लाख पाणी, ४.२० लाख स्वच्छता, ५.६० लाख मोकळे. मोकळ्या पैशातून पगार आणि आस्थापना खर्च चालत नाही. त्यातही दिव्यांची बिलं, मागच्या वर्षीच्या अर्धवट कामाचं देणं, या रकमा आधीच बसलेल्या असतात. ते समजा १.२० लाख धरलं, तर हातात ४.४० लाख. गावापुढे ठेवायचा आकडा हा.

आता जे बहुतेकांच्या लक्षात येत नाही ते. बंधित पैशाचा विषय ठरलेला असतो, जागा ठरलेली नसते. पाण्याचे ४.२० लाख पाण्यावरच जातील. पण नवी पाइपलाइन आधी कोणत्या गल्लीत, टाकीची गळती काढायची की हातपंपाजवळ शोषखड्डा, हे गाव ठरवू शकतं. त्यामुळे मतदान एका यादीवर घेऊ नका, तीन याद्यांवर घ्या: मोकळं, पाणी, स्वच्छता. एकच यादी ठेवलीत की लोक रस्त्याला मत देतात, पैसा गटाराचा असतो, आणि मग 'मत देऊन काय झालं' ही बोंब.

दुसरं, पैसा दोन हप्त्यांत येतो आणि दुसरा लांबतो. म्हणून 'ही चार कामं मंजूर' असं न लिहिता १, २, ३, ४ असा क्रम लावून घ्या. पैसा येईल तसं वरून खाली.

आयोगाचा हा काळ २०२५-२६ पर्यंतचा. त्यापुढच्या वर्षांची टक्केवारी त्या वेळच्या परिपत्रकातून घ्या आणि हिशेब असाच मांडा. आणि पंचायतीच्या स्वनिधीतले मागासवर्गीय १५, महिला-बालकल्याण १० आणि दिव्यांग ५ टक्के मतदानाला लावायचे नसतात. ते त्या त्या लोकांना बसवून ठरवायचे.

केळीचा घड
आकडे बघायचे कुठे? ग्रामसेवक वही दाखवत नाही, ही रड प्रत्येक गावात आहे.

मोजपट्टी
ग्रामसेवक (आता पाटीवर 'ग्रामपंचायत अधिकारी') दाखवो न दाखवो, ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, तालुका, पंचायत निवडलं की मंजूर आराखडा आणि खर्च उघडा दिसतो. तो आकडा आणि दप्तरातले दोन नमुने जुळवायचे. नमुना १ म्हणजे अर्थसंकल्प, नमुना ५ म्हणजे रोकड वही. नाहीच दिले तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, ३० दिवस. अर्जात 'सर्व कागदपत्रे द्या' लिहिलंत की 'माहिती विस्तृत आहे' असं उत्तर येतं. 'अमुक आर्थिक वर्षाचा नमुना १ आणि अमुक महिन्यांची नमुना ५ ची पानं' असं नेमकं लिहा.

शिरपूरची अक्का
पैशाआधी वेळेचं बोला. गावच्या विकास आराखड्याची, म्हणजे पुढच्या वर्षाच्या कामांच्या यादीची, मोहीम २ ऑक्टोबरला सुरू होते. २६ जानेवारीच्या सभेपर्यंत यादी जवळजवळ शिजलेली असते, तिथे जाऊन भांडण्यात अर्थ नाही. खरी बैठक ऑक्टोबर-नोव्हेंबरची.

आणि खान्देशात ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे कापूस वेचणी. वेचणीची मजुरी किलोवर. सकाळी ११ ला महिला सभा लावली तर जी बाई येईल ती त्या दिवसाची मजुरी बुडवून येईल. मग येतं कोण? बचत गटाच्या अध्यक्षा, अंगणवाडी सेविका, आशा ताई, आणि सह्या. कायद्याने ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते, म्हणून ती कागदावर होतेच. होऊ द्या. पण खरी बैठक रात्री ८ ला, गल्लीगल्लीत, भाकरी झाल्यावर घ्या. एका बैठकीला २५-३० घरं, पाऊण तास. सभामंडपात बोलावू नका, ओट्यावर बसा.

ऊसतोडीला जाणारी घरं दिवाळीच्या आसपास गाव सोडतात. त्यांची बैठक पहिली लावा. मत राहिलंच तर परतल्यावर आखाजीला (अक्षय तृतीयेला). त्या वेळी माहेरवाशिणीही असतात, पण त्या मतदार यादीत नसतात. त्यांचं ऐका, मोजू नका.

केळीचा घड
सगळं छान. पण मतदान म्हणजे शेवटी भावकीची मोजणी. ज्या आडनावाची ९० घरं, त्यांच्या गल्लीत काँक्रीट. नदीपलीकडच्या भिल वस्तीत ४० घरं, त्यांना कायम चिखल. हात वर करायला लावले तर ज्याच्या शेतात सालदार आहे त्याच्यासमोर कोण उलटा हात करेल? त्यापेक्षा इंजिनिअरने गरज बघून ठरवावं.

शिरपूरची अक्का
इंजिनिअर गरज बघून ठरवतो हे कुठे बघितलं भाऊ?

पांझराकाठचा
घड यांचा मुद्दा खरा आहे, उपाय चुकीचा आहे. हात वर करणं बंदच करा. दाण्यांनी मत घ्या. खर्च शून्य, लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही जमतं.

प्रत्येक कामाला एक डबा. डब्यावर नाव आणि चित्र: नळ, दिवा, गटार, स्मशानशेड. एका यादीत सहाच्या वर कामं नकोत, सहानंतर लोक पहिल्या दोन डब्यांत टाकून मोकळे होतात. प्रत्येक मतदाराला एका यादीसाठी तीन दाणे: दोन ज्वारीचे, एक मक्याचा. ज्वारी कुठेही टाका, एकाच डब्यात दोन्हीही चालतील. मका मात्र आपल्या प्रभागाबाहेरच्या कामालाच.

हा मक्याचा नियम पाळला जातो की नाही हे बघत बसावं लागत नाही. प्रत्येक प्रभागाचं मतदान वेगळ्या संध्याकाळी घ्या आणि मक्याचं टेबल वेगळं ठेवा. प्रभाग १ ची संध्याकाळ असेल तेव्हा त्या टेबलावर प्रभाग १ च्या कामांचे डबेच मांडायचे नाहीत. आडोसा म्हणून गोणपाट टांगा. गावभरच्या कामाचे डबे, म्हणजे टाकी, स्मशानभूमी वगैरे, सगळ्या संध्याकाळी दोन्ही टेबलांवर.

हिशेब बघा. प्रभाग १ मध्ये ७०० मतदार, वस्तीच्या प्रभागात ३००. एकेका हाताचं मत असतं तर ७०० विरुद्ध ३००, खेळ तिथेच खलास. इथे प्रभाग १ ला ७०० मके बाहेर टाकावेच लागतात. ते तीन-चार डब्यांत विभागले तरी वस्तीच्या कामाला दीड-दोनशे मिळतात, शिवाय त्यांची स्वतःची ६०० ज्वारी. जिंकेलच असं नाही, पण शर्यतीत येतं. आणि प्रभाग १ वाल्याला पहिल्यांदा विचार करावा लागतो की नदीपलीकडे काय कमी आहे.

रक्कम प्रभागांत सारखी वाटून टाका, असा सोपा सल्ला कुणी देईल. ४.४० लाख चार प्रभागांत म्हणजे १.१० लाख. त्यात पेव्हर ब्लॉकचा एक तुकडा होतो. दरवर्षी चार तुकडे. दहा वर्षांनी गावात चाळीस तुकडे आणि एकही पूर्ण रस्ता नाही.

सातपुडा पाडा
धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर पूर्ण, आणि शहादा, नंदुरबार, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर यांचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे खेळ वेगळा आहे. पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा, १९९६ चा, महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. आदिवासी उपयोजनेतले ५ टक्के थेट पंचायतींना येतात आणि ते कशावर खर्चायचे हे ग्रामसभेने ठरवायचं असतं. पाडासुद्धा स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊ शकतो आणि त्याची स्वतःची ग्रामसभा भरू शकते. बोरीकाठ यांना हे लागू नाही, पण वाचणाऱ्यांत आमच्याकडचे असतील.

आमच्याकडे बिघडतं ते अंतराने आणि भाषेने. एका पंचायतीत सात-आठ पाडे, मध्ये नाले, वर चढ. सभा पंचायत इमारतीत लावली की जवळच्या दोन पाड्यांचा निर्णय होतो. म्हणून बैठक पाड्यावर न्या, मुख्य सभा शेवटी. नोटीस मराठीत चिकटवून उपयोग नाही. पावरी किंवा भिलीत दवंडी द्या, तीही आठवडे बाजाराच्या दिवशी, बाजारात. होळीला बाहेरगावी गेलेला माणूस परत येतो, पण होळीच्या आठवड्यात सभा ठेवू नका, मांदल वाजायला लागला की ठरावाकडे कोण बघतो! होळी झाल्यावर, माणसं परत निघायच्या आत, तेवढ्या फटीत घ्या.

पांझराकाठ यांची दाण्यांची पद्धत आमच्याकडे आपोआप समजते. फक्त चित्रं तिथल्याच मुलांकडून काढून घ्या. छापील चित्रातली टाकी शहरातली दिसते, लोक विचारतात हे काय आहे.

बोरीकाठ
दाणे पटले. पण डब्यावर चढवायची सहा कामं निवडायची कोणी? तिथेच घोळ होईल.

मोजपट्टी
होतोच. म्हणून गाळणी उघड ठेवा. गल्ली बैठकांतून ३०-४० सूचना येतील. प्रत्येकीला चार प्रश्न, उत्तरं भिंतीवर लावायची.

जागा कोणाची? हा पहिला, आणि निम्मी कामं इथेच मरतात. समाजमंदिर हवं, पण जागा सातबाऱ्यावर कोणाच्या तरी नावावर. रस्ता हवा, पण नमुना २३ च्या रस्ते नोंदवहीत तो रस्ताच नाही. मत घेतल्यावर हे कळलं तर लोक पुढच्या वर्षी येणार नाहीत. पैसा कोणत्या यादीतला, मोकळा, पाण्याचा की स्वच्छतेचा, हा दुसरा. किंमत किती, तिसरा. आणि नंतर चालवणार कोण, चौथा. हायमास्ट (उंच खांबावरचा मोठा दिवा) सगळ्यांना आवडतो. त्याचं बिल आणि वर चढून दुरुस्ती कोण करणार हे लिहिलं की निम्मे लोक साध्या एलईडी दिव्यांवर येतात.

किमतीसाठी पंचायत समितीच्या शाखा अभियंत्याला मतदानाच्या आधी गावात फिरवा. ठोकळ आकडा पुरतो, पण तो त्याचाच हवा. गावकऱ्यांनी ठोकलेल्या अंदाजाने मत झालं आणि पक्कं अंदाजपत्रक दीडपट आलं, तर पहिल्या क्रमांकाचं काम बसत नाही आणि तिसऱ्या क्रमांकाचं होतं. मग समजावत बसा.

केळीचा घड
आणि ठरलेलं काम ठरल्यासारखं होईल याची खात्री? क्रमांक १ ला काँक्रीट रस्ता आला. कंत्राटदार येतो, पावडर मारल्यासारखा थर देतो, जातो. लोकांनी ठरवलं आणि लोकांचंच नाक कापलं.

मोजपट्टी
याला गणित आहे, ते भिंतीवर लिहा. १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाड. १०० × ३ × ०.१५ = ४५ घनमीटर काँक्रीट. एम २० प्रतीच्या काँक्रीटसाठी सिमेंट, वाळू, खडी यांचं १ : १.५ : ३ हे प्रमाण धरलं तर एका घनमीटरला सिमेंटच्या ५० किलोच्या साधारण ८ गोण्या. म्हणजे ३६० गोण्या. थर १० सेंटिमीटरचा पडला तर ३० घनमीटर, २४० गोण्या. ५ सेंटिमीटर डोळ्याला दिसत नाहीत, १२० गोण्या दिसतात. रोज संध्याकाळी रिकाम्या गोण्या मोजून फळ्यावर आकडा लिहायला दोन पोरं पुरे. जाडी ओतण्याआधी मोजायची: कडेच्या साच्याच्या फळीची उंची टेपने, दर १० मीटरवर, आणि दोन फळ्यांमध्ये सुतळी ताणून मधोमधही. काही ठिकाणी फळी १५ चीच असते, पण खाली मुरूम मध्ये उंच ठेवलेला असतो. कडेला जाडी बरोबर, मधे निम्मी.

आमच्या भागातला खरा शत्रू मार्च एंड. निधी परत जाईल म्हणून मार्च-एप्रिलमध्ये ओततात, उन्हाचा पारा चाळिशीला, गावात पाण्याची बोंब. अशा उन्हात काँक्रीटला निदान १० दिवस, जमलं तर १४ दिवस सतत ओल लागते. दिवसातून दोनदा पाइप मारणं म्हणजे ओल नव्हे. ओली गोणपाटं अंथरा किंवा मातीचे छोटे बांध घालून पाणी उभं ठेवा. ओतायची वेळ पहाटे किंवा संध्याकाळी. दुपारी ओतलं की वरचा थर आधी सुकतो आणि दुसऱ्याच दिवशी केसासारख्या भेगा दिसतात. पाण्याच्या टँकरचा खर्च अंदाजपत्रकात धरलाय का ते आधी बघा.

गटाराचं थोडक्यात: २०० ला १ उतार, म्हणजे १०० मीटरला ५० सेंटिमीटर. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकं बघा. गटार जिथे संपतं तिथे पाणी जाणार कुठे, हे ठरल्याशिवाय सुरुवात करू नका. नाहीतर शेवटच्या घरापुढे डबकं.

दप्तर
एवढ्या चर्चेत एक गोष्ट सुटली. डब्यातल्या दाण्यांना कायद्याने काहीच किंमत नाही. ग्रामसभेचा ठराव झाला तरच ते मत. त्यामुळे दाणे मोजल्यावर आठ-दहा दिवसांत ग्रामसभा हवी. नोटीस सात दिवस आधी, विषयपत्रिकेवर 'विकास आराखड्यातील कामांचा प्राधान्यक्रम' असा स्वतंत्र विषय. 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळचे विषय' यात टाकू नका, पुढे कोणीही उडवतो.

गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जे कमी ते. तुमच्या गावाला १०० पुरतात. न झाल्यास सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणूनच काही महाभाग पहिली सभा मुद्दाम पडू देतात आणि दुसरी पंधरा जणांत उरकतात. पहिल्याच सभेला १०० माणसं बसवा.

ठराव असा लिहून न्या:

'सन अमुकच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात अबंधित निधीतून पुढील कामे या क्रमानेच घेण्यात यावीत: १) … प्रभाग …, ठिकाण … पासून … पर्यंत, लांबी … मीटर, अंदाजे रक्कम …, २) …. निधी कमी आल्यास वरील क्रम कायम राहील. क्रमात बदल करावयाचा झाल्यास तो ग्रामसभेपुढे कारणासह ठेवावा. सूचक …, अनुमोदक … .'

'पासून-पर्यंत' विसरू नका. 'गावात काँक्रीटीकरण करणे' एवढाच ठराव असला की रस्ता सदस्याच्या दारात जातो आणि ठरावाचा भंगही होत नाही.

प्रोसिडिंग बुकात (सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत) जागा कोरी सोडू देऊ नका. शेवटच्या ओळीनंतर आडवी रेघ, तिच्याखाली सह्या, तिथेच. 'उद्या पक्कं लिहून काढतो' म्हटलं की उद्या दोन विषय जास्तीचे निघतात. पान लिहून झालं की मोबाइलवर फोटो, गावाच्या ग्रुपवर. हजेरीच्या सह्या घरोघरी फिरवून घेतल्या जातात, तेही याने थांबतं.

यानंतर आराखडा तालुक्याच्या तांत्रिक छाननीला जातो. तिथून येताना कामाचं नाव बदललेलं असू शकतं. संकेतस्थळावर चढल्यावर ठरावाशी एकेक ओळ लावून बघा.

भुसावळ जंक्शन
गावाचं झालं. नगरपालिका, महापालिकांचं काय? जळगाव, धुळे दोन्ही २००३ पासून महापालिका. पुण्यासारखं नागरिकांचं अंदाजपत्रक इथे का नाही?

पांझराकाठचा
पुण्यात २००६-०७ पासून आहे. नागरिक क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून छोटी कामं सुचवतात, त्यासाठी प्रभागनिहाय रक्कम बाजूला ठेवतात. मात्र तिथे मत नसतं, सूचना असते. निवड प्रभाग समिती आणि अधिकारी करतात. त्यामुळे ज्याला अर्जाची तारीख कळली त्याचाच बाक आणि त्याचाच पदपथ. आपल्याकडे करायचं तर पुण्याचा अर्ज घ्या आणि त्याला मताची जोड द्या.

मूळ पद्धत ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रेची, १९८९ ची. तिथे भागाची लोकसंख्या, सोयींची तूट आणि लोकांचा प्राधान्यक्रम, या तिन्हींना गुण देऊन पैसा वाटायचे. सोय कमी असेल त्या भागाला जास्त गुण. घड यांना हवी असलेली 'गरज' आणि अक्कांना हवं असलेलं मत, दोन्ही एकाच हिशेबात.

केळीचा घड
मग दाण्यांबरोबर हेही घ्या ना. ज्या प्रभागात नळ नाहीत त्याच्या दाण्यांची किंमत सव्वापट.

शिरपूरची अक्का
पहिल्या वर्षी नको. मोजणी ओट्यावर बसलेल्या म्हातारीला बोटांवर करता आली पाहिजे. सव्वापट आलं की 'यांनी आकडे फिरवले' हे सुरू होतं.

केळीचा घड
म्हणजे वस्तीने अजून एक वर्ष चिखलात थांबायचं. मला पटलेलं नाही, तसं नोंदवून ठेवतो.

बोरीकाठ
दोन्ही बाजू लिहून घेतल्या, सदस्यांपुढे ठेवतो. एक शेवटचं. या वर्षाचा आराखडा चढून गेलाय, 'आता बदल नाही' म्हणतात.

दप्तर
ग्रामसभेच्या ठरावाने सुधारित किंवा पूरक आराखडा करता येतो. पण सुरू झालेल्या, बिल निघालेल्या कामाला हात लावू नका. जी ओळ नुसती कागदावर आहे तीच बदला.

पांझराकाठचा
डब्यांचं राहिलं. तेलाचे एक लिटरचे पत्र्याचे डबे घ्या, प्लॅस्टिकच्या बरणीत दाणे बाहेरून दिसतात. झाकणाला भोक मक्याचा एक दाणा जाईल एवढंच, मूठ ओतता येऊ नये. चिकटपट्टीवर दोन वेगवेगळ्या गल्लीतल्या माणसांच्या सह्या. दाणे मतदाराला तिथेच, यादीतल्या नावावर टिक करून द्यायचे. घरून आणलेला दाणा चालत नाही, म्हणून ज्वारी आणि मका आधी गडद रंगाच्या पाण्यात रंगवून वाळवा. आणि डबे रात्री पंचायतीत ठेवू नका, शाळेच्या कपाटात ठेवा. दोन कुलपं, दोन किल्ल्या. उंदरांचं बघून घ्या.